हंगाम पहिला

भाची परवा म्हणाली, "मामा, पहिला सीझन बघून संपवला." एका रात्रीत आठ भाग. सीझनला मराठीत काय म्हणायचं, असं तिनं विचारलं, आणि मी चटकन 'हंगाम' म्हणून गेलो. म्हटल्यावर मात्र मी थोडा वेळ गप्प झालो. आमच्या पाथर्डी तालुक्यात हंगाम म्हटलं की एकच डोळ्यांपुढं येतो, गळिताचा. दसऱ्याला सोनं लुटायचं आणि मग ट्रकमध्ये पीठ, भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या भरून अर्धं गाव कारखान्याला जायचं. परत यायचं ते पाडव्याच्या आगंमागं.

शक्तिमान दूरदर्शनवर सुरू झाला १३ सप्टेंबर १९९७ला, शनिवारी. त्या मालिकेला असे सीझन नव्हते. ती सलग चालली. पण माझ्यापुरता तिचा पहिला हंगाम अगदी ठरलेला आहे. सत्त्याण्णवचा दसरा ते अठ्ठ्याण्णवचा पाडवा. त्या वर्षी मी तिसरीत होतो. त्याआधीच्या वर्षांत आईबापाबरोबर फडावर जायचो, कोपीत राहायचो, वाढ्यांच्या भाऱ्यावर झोपायचो. त्या वर्षी आई म्हणाली, "ह्याला आता आज्जीपाशी ठिवू. साळा बुडती." गावात तेव्हा हंगामी वसतिगृह नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या पदराखाली आम्ही पंधरा-वीस पोरं मागं राहिलो.

टीव्ही होता मुकादमाच्या घरी. ज्यांच्या आगाऊ उचलीच्या हिशेबावर आमचे आईबाप गेलेले, त्यांच्याच ओसरीवर आम्ही मांडी घालून बसायचो. काळा-पांढरा संच, वर अँटिना, आणि अँटिना धरायला पाळीनं एक पोरगं. शनिवारी आमची सकाळची शाळा असायची, त्यात निम्मे भाग हुकायचे. पुढं मालिका रविवारी दुपारी लागायला लागली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. तरी लाईटचा भरवसा नव्हताच. तमराज किल्विष अंधार कायम राहण्याची घोषणा करायचा आणि बरोबर तेव्हाच लाईट जायची, असं मला आजही आठवतं. दरवेळी तसं झालं नसेल. पण पडदा काळा झाला की आम्हा पोरांना खात्री वाटायची, हे त्याचंच काम.

हुकलेले भाग आम्ही आपापसांत पुरे करायचो. शेरडं वळताना एक जण डॉक्टर जॅकाल व्हायचा, एक गीता विश्वास, आणि बाकी सगळे शक्तिमान. एक हात वर करून गरागरा फिरायचं, भोवळ येईस्तोवर. मी एकदा कडब्याच्या गंजीवरून उडी मारली आणि पाय मुरगाळला. आज्जीनं आंबेहळद उगाळून लावली आणि आईला कळवायचं नाही, असं ठरलं. कळवणार तरी कसं? निपाणीच्या पुढं कुठल्याशा फडात होती ती. पोरांनी नक्कल करताना इजा करून घेतल्याच्या बातम्या देशात बऱ्याच ठिकाणांहून आल्या, आणि मुकेश खन्नांनी स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजावलं, असं करू नका म्हणून. आमच्या ओसरीवर ते समजावणं सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. मोठं माणूस आपल्याशी, आपल्यालाच उद्देशून बोलतंय, ही गोष्टच आम्हाला नवी होती. भागाच्या शेवटी चूक केलेलं पोरगं शक्तिमानची माफी मागायचं, ते तर मी घरीही करायला लागलो. पाण्याचा हंडा सांडला की हात जोडून 'सॉरी शक्तिमान'. आज्जी बघत राहायची.

आज्जी एकदाच आली टीव्ही बघायला. दारातूनच म्हणाली, "अरं, ह्यो तर भीष्म हाय!" महाभारत लागायचं तेव्हा हेच मुकेश खन्ना तिच्या भीष्माचार्यांचं रूप घेऊन यायचे, ते ती विसरली नव्हती. मग तिनं नाव विचारलं. मी एका दमात म्हणून दाखवलं: पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. तिनं त्यातलं एवढंच धरलं. "नाथ हाय व्हय? मग उडंल की."

आमच्या घरी नवनाथ भक्तिसार होती, मालूकवीची, चाळीस अध्यायांची. श्रावणात ती लावायचे. आज्जीला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून सगळी कथा तिला मुखोद्गत. त्या हिवाळ्यात रोज रात्री तिनं मला ती सांगितली. मच्छिंद्रांनी दिलेलं भस्म बाईनं उकिरड्यावर टाकलं आणि बारा वर्षांनी त्या उकिरड्यातून गोरखनाथ आले. गोरखांनी चिखलाचं माणूस केलं आणि त्यातून गहिनीनाथ उठले. कानिफनाथ हत्तीच्या कानातून. वाताकर्षण अस्त्र सोडलं की समोरच्याचा श्वासच ओढला जायचा. सूर्यांशी ऋषींनी योगानं कुंडलिनी जागवून, पंचतत्त्वांचं बळ देऊन घडवलेला शक्तिमान मला तेव्हा अजिबात परका वाटला नाही. बाहेरच्या देशांतले महाबली परग्रहावरून येतात, किड्याच्या चाव्यातून होतात. आमचा साधनेतून झाला. मुंबईत बसून ज्यांनी ही कथा रचली, दिनकर जानींनी जी चित्रित केली, तिचं बी आमच्या गर्भगिरीच्या डोंगरात कधीचंच पडलेलं होतं, असं मी आजही मनापासून मानतो.

आणि उकिरड्यातून गोरख येतो, हे फडावरच्या पोराला सांगणं फार मोठं असतं.

मार्चमध्ये मढीची यात्रा आली. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी, गाढवांच्या बाजाराची, रेवड्यांची यात्रा. कानिफनाथांच्या गडाच्या पायथ्याशी तसबिरींचं दुकान होतं. नऊ नाथांची तसबीर, शेजारी शनिमहाराज, आणि त्यांच्या शेजारी दोरीला चिमट्यानं अडकवलेला शक्तिमान. रंगीत. मी तिथंच थांबलो. सहा महिने मी त्याला करड्या रंगात बघितला होता. त्याचा पोशाख किरमिजी आहे, त्यावर सोनेरी पट्टे आहेत, छातीवरचं चक्र सोन्यासारखं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. आज्जीनं रेवड्यांचे पैसे मोडून ते चित्र घेऊन दिलं.

आमचा जिल्हा एक म्हणतात, पण तो दोन आहेत. उत्तरेला भंडारदऱ्याचं पाणी, १९२६पासून. त्या पाण्यावर ऊस वाढला, १९५०मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सगळ्या देशानं त्याचा धडा गिरवला. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड. इथं पाणी नाही, म्हणून इथली माणसं दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात तेवढंच नाव. मी शक्तिमानला त्या हंगामात काय काय मागितलं, ते सांगायला मला आज लाज वाटत नाही. आमच्या आईचा फड त्यानं एका गिरकीत तोडून टाकावा, एवढंच मागत होतो.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि पाडव्यानंतर आठव्या दिवशी ट्रक आला. आई वाळली होती. हाताला पाचटाचे चरे. मी तिला रात्री पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो. किल्विष, जॅकाल, गंगाधरचे पुढं आलेले दात, जाड भिंगाचा चष्मा, तो 'आज की आवाज'मध्ये फोटो काढतो ते. त्याच्या बळावर तिनं शंका घेतली नाही. उडतो, म्हटलं, तर उडत असेल. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "आन् त्यो जेवतो कवा?"

पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या, त्या फडाच्या बांधावर उभ्याउभ्या खाणाऱ्या बाईचा तो प्रश्न होता. मला सांगता आलं नाही. पुढचे सगळे भाग मी तेच शोधत बघितले. दिग्गज समीक्षकांनी या मालिकेची काटकसरीची चित्रकरामत, भाबडे संवाद यांवर खूप लिहिलं असेल; माझ्या मते आईइतका नेमका प्रश्न त्या नायकाला कुणी विचारला नाही.

उचल फिटली नव्हती. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा गेली. त्या वेळी मी एक वही केली आणि हुकणार नाही तेवढा प्रत्येक भाग तिच्यासाठी लिहून ठेवला. एव्हाना किटू गिडवानींच्या जागी वैष्णवी महंत गीता विश्वास झाल्या होत्या, तेही त्यात नोंदलं, म्हणजे आई गोंधळायला नको. ती वाचणार नव्हती, मीच वाचून दाखवणार होतो.

शक्तिमान २७ मार्च २००५ला संपला. आईचा कोयता त्यानंतर आणखी चार हंगाम चालला.