पडद्यामागचा मजकूर

पान दिसायला मराठी असले म्हणजे ते मराठीच असते, हे आपल्या विद्यापीठीय व्यवहारात फार काळ गृहीत धरले गेले. श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फाँट ज्यांनी वापरले त्यांना ठाऊक असेल, की त्यांतला ‘क’ आतून ‘क’ नसतोच. रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. डोळस वाचकाचे त्यात काही बिघडत नाही. स्क्रीन रीडरच्या आवाजावर वाचणाऱ्याच्या कानी मात्र अर्थशून्य चिन्हांची रांग पडते.

आमच्या एम. ए.च्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी आहे. एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर ती अशा वेगाने ऐकते, की आम्हा प्राध्यापकांना त्यातला शब्दही उमगत नाही. (मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचे हे काम; सुरुवात २००६ची.) समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेसाठी नेमलेल्या बारा लेखांपैकी पाच जुन्या फाँटांत होते, चार नुसती छायाचित्रे होती. उरलेले तीन युनिकोडमधले, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि पानावर त्याच्या आधी उमटते. पीडीएफ करताना या दोन क्रमांची गल्लत झाली, की ‘कविता’ची ‘किवता’ होते. “सर, परीक्षेला किवतेचीच समीक्षा लिहायची ना?” तिने अगदी गंभीरपणे विचारले. वर्ग हसला, तीही हसली. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

कायद्याची बाजू आता भक्कम आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइटचा अडसर दूर केला, माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ साली पहिला देश ठरला, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत मानली. तरी संगणकावर टंकलेले परिपत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का उमटवायचा, स्कॅन करून त्याचे चित्र करायचे आणि मग ईमेलने पाठवायचे, हा कार्यालयीन विधी अबाधित आहे. सुगम्यतेविषयीचे परिपत्रकही आम्हांला याच मार्गाने आले.

हे काम संगणक विभागाचे, असे काही सहकारी म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ओसीआरने चित्रातून काढलेल्या मजकुरातली चुकलेली जोडाक्षरे ओळखणे हे मुद्रितशोधन आहे, आणि ते मराठीच्या माणसानेच करायचे असते. शीर्षक नुसते ठळक न करता शीर्षकाची शैली देऊन लिहिले, तर ती ‘एच’ ही कळ दाबत थेट हव्या त्या प्रकरणाशी पोचते. म्हणजे लेखाची बांधणी आधी आपल्याला कळलेली असावी लागते. चित्राच्या पर्यायी वर्णनाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पोथीच्या पानाच्या चित्राला ‘पोथीचे पान’ एवढीच ओळ जोडली, तर तिला काहीच मिळत नाही. शब्द न तोडता सलग धावणारी ओळ, समासातली नंतरची भर, दुसऱ्या हातचे अक्षर हे सांगावे, तर पाठचिकित्सेतला निर्णय आपण तिच्या वतीने आधीच घेतलेला असतो. किती सांगायचे आणि किती तिच्यावर सोपवायचे, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. तिचे मत स्पष्ट आहे: दिसते ते सगळे सांगा, अर्थ मी लावीन.

आजवर सात लेख तयार झाले. आठव्यात पानापानावर तळटीपा आहेत, आणि त्या वाक्याच्या मध्येच वाचल्या जाव्यात की शेवटी, हे तिला विचारून ठरवायचे आहे.