वाफसा येईपर्यंत

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. या धावण्याला २० गुण असतात. मुलीनं ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण केलं तर सगळे गुण मिळतात, वेळ वाढेल तसे ते कमी होतात. दहा-वीस सेकंदांवर घरात पहिली सरकारी नोकरी येते किंवा हुकते. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. जागा १७ हजारांवर आणि अर्ज १७ लाखांवर होते. पावसामुळं चाचणीची तारीख पुढं ढकलता येते, पण सराव महिनाभर बंद ठेवला तर पायातला वेग राहत नाही.

मालेगाव म्हटलं की बऱ्याच वाचकांना नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं मालेगाव आठवेल. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, सोयाबीन-तुरीचं आणि काळ्या मातीचं. ही माती पिकाला चांगली, धावणाऱ्याला मात्र वैरीण. पाणी पिऊन ती फुगते, चपलेला किलो-किलोनं चिकटते आणि उन्हात आक्रसून तिला भेगा पडतात. अशा भेगेत पाय अडकला की घोटा गेलाच.

इथल्या एका मैदानावर २०० मीटरची मातीची धावपट्टी आहे. आम्ही काही शिक्षक, एक गवंडी, एक ट्रॅक्टरवाले आणि मोहल्ल्यातली पोरं मिळून पावसाळ्यात ती सांभाळतो. पहिल्या वर्षी आमच्यातच दोन मतं होती. काहींचं म्हणणं, दिवाळीपर्यंत मैदान बंदच ठेवावं. तसं केलं असतं तर मुलं डांबरी रस्त्यावर धावली असती. मुली कुठं गेल्या असत्या? फजरनंतरच्या अंधुक उजेडात, ट्रकांच्या वर्दळीत मुलीला एकटी सोडायला कोणते अब्बा तयार होतील? चिखल झाला की मुलांची जागा बदलते, मुलींचं धावणंच थांबतं. म्हणून पट्टी चालू ठेवायचं ठरलं.

काम दिसायला साधं आहे. मे महिन्यात पट्टीच्या कडेनं चर खणायचा आणि त्याला नाल्याकडं उतार द्यायचा. मुरूम पसरताना आतली बाजू किंचित खाली आणि बाहेरची वर ठेवायची. पाणी मारून रोलर फिरवायचा, म्हणजे वरचा थर घट्ट बसतो आणि पावसाचं पाणी आत न मुरता वाहून जातं. सगळे आतल्या कडेनंच धावतात, त्यामुळं वळणावर तिथं खळगे पडतात. म्हणून दर आठवड्याला फक्कीची रेघ थोडी बाहेर सरकवायची आणि झिजलेल्या भागाला विश्रांती द्यायची.

खरी परीक्षा पाऊस थांबल्यावर असते. प्रत्येकाला वाटतं, चिखलावर लगेच दोन घमेली मुरूम टाकावा. तो मुरूम चिखलात बुडतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चिखल होतो. आधी साचलेलं पाणी चराकडं काढायचं, वरचा राडा पावड्यानं हलकेच खरवडून बाजूला करायचा, मग थांबायचं. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात पाभर घालत नाही, तसंच हे. ओल्या पट्टीवर चार जण धावले तरी त्यांचे ठसे वाळून दगडासारखे होतात. त्यामुळं कधीकधी ऐन सरावाच्या दिवशी आम्हालाच दोरी बांधून पट्टी बंद करावी लागते. मुलं चिडतात. त्या दिवशी त्यांच्याच हातात पावडी देतो.

इंग्लंड-पोलंडमध्ये स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत असते. ब्रेक नसलेल्या चार गाड्या मातीच्या गोल वाटेवर चार फेऱ्या मारतात. तिथंही पावसाशी झुंजणाऱ्यांत बिनपगारी हौशी माणसं असतात. पाऊस येण्याआधी रोलरनं पृष्ठभाग घट्ट करायचा, नंतर वरचा राडा खरवडून कडेला न्यायचा, ही त्यांचीही रीत. त्यांच्याकडं यंत्रं आहेत, आमच्याकडं घमेली. मातीचा स्वभाव दोन्हीकडं सारखाच.

आमच्यातल्या एका बुजुर्ग चाचांना विचारलं, ‘‘तुमच्या घरातलं तर कुणीच धावत नाही, मग एवढे कष्ट कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘रस्त्यातला काटा दूर करणं सदका आहे, बेटा. ही पोरींची वाट आहे.’’ यावर आम्हाला आणखी काही बोलावं लागलं नाही.

गेल्या पावसाळ्यात नऊ मुली नियमित येत होत्या. कुणाची अम्मी चराच्या कडेला छत्री धरून बसायची, कुणाचा लहान भाऊ मोबाइलवर वेळ मोजायचा. त्यांतली एक ३ मिनिटं २० सेकंदांवरून ३ मिनिटांच्या आत आली. अजून दहा सेकंद कापायची आहेत. सगळ्यांची निवड होईल, असं आम्ही म्हणत नाही. पावसामुळं त्या घरी बसल्या नाहीत, एवढं नक्की.

तुमच्या गावातही असं मैदान असेल. मोठ्या निधीची वाट पाहू नका. मृगाच्या आधी कडेचा चर साफ करा, एक ट्रॉली मुरूम टाका, आणि पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत कुणाला पट्टीवर जाऊ देऊ नका. पट्टी शाबूत राहिली तर उघडीप होताच मुली परत धावायला लागतात.