वारा कुठून, भिंत कुठे?

नाशिककराला पाण्याचं कौतुक सांगावं लागत नाही. गोदावरी, दारणा, कादवा, वैतरणा.. तास-दीड तासाच्या अंतरात इतकी धरणं आहेत की वीकांताला 'कुठल्या बॅकवॉटरला जायचं' एवढाच प्रश्न उरतो. (मिसळ जाताना खायची की येताना, हा दुसरा.) पण हेच पाणी विंडसर्फिंगच्या नजरेने बघायला लागलात की एकदम वेगळं दिसतं. गेलं वर्षभर मी ते तसं बघतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे टाकतो. कुणाला उपयोग झाला तर उत्तम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक लांबरुंद फळी, तिच्यावर शीड, आणि शिडाचा खांब असा जोडलेला की तो कुठल्याही बाजूला कलतो. सुकाणू नाही. शीड पुढे कलवलं की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवलं की वाऱ्याकडे. झालं, संपलं मॅन्युअल. १९६८ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ड्रेक विमानांचा इंजिनियर, त्यामुळे शिडाकडे तो पंख म्हणून बघत असणार. आपण मात्र पहिले तीन दिवस त्याच्याकडे पाण्यातून वर ओढायची ताडपत्री म्हणून बघतो :)

मी हे २००९ मध्ये गोव्यात बारा दिवस शिकलो. मग बंगलोर, मग पुणे, मग लग्न, रिलीज, प्रॉडक्शन सपोर्ट.. आणि आता वय एक्केचाळीस, मुलगी चौथीत, मुक्काम गंगापूर रोड, नाशिक. म्हणजे मी नवशिक्याही नाही आणि येणाराही नाही. या जमातीची एक गंमत असते. डोक्याला बारावा दिवस आठवत असतो, जेव्हा फळी पाण्यावरून सूं सूं करत सुटली होती. शरीराला मात्र जेमतेम दुसरा दिवस आठवतो. खरा धोका या दोन व्हर्जन्समधल्या फरकात आहे. नवशिक्या घाबरून काठाजवळच राहतो, माझ्यासारखा मधेच जाऊन थकतो.

बायकोची अट एकच होती. "वाहून गेलास तर आणायला कोण येणार, ते मला एका वाक्यात सांग." दिसायला साधा प्रश्न, पण त्याचं उत्तर शोधता शोधता माझी अख्खी एक्सेल शीट भरली.

तर रिक्वायरमेंट्स. पाणी सपाट हवं. लाट वाऱ्यानेच तयार होते, आणि वाऱ्याला मोकळ्या पाण्यावरून धावायला जितकं अंतर मिळेल तितकी ती मोठी होते. म्हणजे वारा ज्या काठावरून येतो त्या काठालगत पाणी सपाट, आणि समोरच्या काठाशी खळबळ. वारा सहा ते दहा नॉट, म्हणजे ताशी अकरा ते अठरा किलोमीटर. त्याहून जास्त नको, कारण वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. फळी मोठी, दोनशे लिटरच्या आसपास, खाली मधोमध पातं असलेली. शीड पाच चौरस मीटर किंवा कमीच. कंबरभर पाणी, तळाला वाळू असली तर लॉटरी.

आता यातली मेख बघा. सपाट पाणी जिथे मिळतं तिथे वारा जमिनीवरून येत असतो आणि तुम्हाला आत ढकलत असतो! समुद्रावर असा वारा म्हणजे थेट मस्कतची बोट. तलावाला निदान दुसरा काठ असतो. वाहत गेलो तर तिकडे लागू, फळी डोक्यावर घेऊन चालत येऊ. म्हणून मला वाटलं धरण म्हणजे उत्तम. गंगापूर घरापासून जवळ, शिवाय तिथे एमटीडीसीने बोट क्लबही उभारलेला. भंडारदरा तर काय, १९२६ पासून भरतंय. शीटमध्ये दोन्हीसमोर हिरवा रंग भरला आणि प्रिंट काढून सासऱ्यांना दाखवली.

सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. चष्मा लावला, शीट नीट वाचली आणि विचारलं, "जावईबापू, यात नदीची दिशा कुठंय?"

मी गप्प.

"आपल्या घाटमाथ्याच्या या बाजूच्या नद्या पूर्वेला जातात. म्हणजे धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर, पावसाळ्यात तर दिवसभर, वारा कुठून? पश्चिमेकडून. तुम्ही वाहत जाणार कुठे?"

भिंतीवर. दगडी पिचिंग, विहीर, दरवाजे, सगळं तिकडेच. गंगापूरला तेच, भंडाऱ्यादऱ्याला तेच, दारणेला तेच. माझा 'दुसरा काठ' म्हणजे नेमकी ती जागा, जिथे माणसाने अजिबात जाऊ नये. वैतरणा पश्चिमवाहिनी, तिचा हिशोब वेगळा, पण ते पाणी मुंबईच्या नळाचं. नांदूर मध्यमेश्वर उथळ आणि सपाट, पण ते पक्ष्यांचं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालेलं. तिथे शीड घेऊन उतरणं म्हणजे कुणाच्या तरी देवघरात क्रिकेट खेळणं.

पाण्याच्या मालकीचा मुद्दा सासऱ्यांनी नंतर चहावर काढला. गंगापूर १९६५ साली पूर्ण झालं. गाळाने क्षमता घटत घटत आता ५,६३० दशलक्ष घनफूट. त्यात नाशिकचं पिणं, शेती, कारखाने. शिवाय २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाप्रमाणे, तुटीच्या वर्षी खाली जायकवाडीला सोडायचं पाणी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वरच्या धरणांतून ते सोडलं तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. "प्रत्येक थेंबाला आधीच दोन दावेदार आहेत," ते म्हणाले, "तुम्ही तिसरे. तेव्हा परवानगी काढून, नेमून दिलेल्या जागेतच." खरंय. मे महिन्यात काठ उघडा पडतो आणि गाळात पाय मांडीपर्यंत जातो, ते वेगळंच.

पण त्यांच्या त्याच प्रश्नात उत्तरही होतं. थंडीत वारा उलटतो! नोव्हेंबर ते जानेवारी तो साधारण पूर्वेकडून-ईशान्येकडून येतो, भिंतीपासून दूर, धरणाच्या उथळ शेपटाकडे ढकलणारा. पाणीही तेव्हा बऱ्यापैकी भरलेलं. फक्त वारा मंद. सूं सूं वगैरे विसरा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की डोकं जुलैचा वारा मागतंय आणि शरीराला डिसेंबरचा हवाय. जागा शोधणं म्हणजे बरंचसं महिना शोधणं आहे, आणि उरलेलं आपण आज कितपत आहोत ते कबूल करणं.

राहता राहिली बायकोची अट. बचावाची बोट आणि बघणारा माणूस, या दोन गोष्टी कुठल्याही वाऱ्याने मिळत नाहीत. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खणायचा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला. पाण्याची सवय नव्हती, पण शिकवणारे होते. म्हणून पहिले तीन दिवस मी परत गोव्यालाच काढले, डिसेंबरात, झुआरीच्या मुखाजवळच्या पाण्यात, मोटरबोट काठाशी उभी असताना. पहिल्या दिवशी सतरा वेळा पडलो. दुसऱ्या दिवशी शीड खाली टाकून फळीवर पालथं झोपून वल्हवत काठाला यायचा सराव केला, मुद्दाम, दमलो नसताना. तिसऱ्या दिवशी सात नॉटवर गेलो, वळलो आणि जिथून निघालो तिथेच परत आलो. हे शेवटचं मला बारा दिवसांच्या त्या कोर्सात एकदाही नीट जमलं नव्हतं.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. जमलं का वगैरे काही नाही, थेट "वारा कुठून होता?"

"वायव्येकडून."

"आणि बोट?"

"आग्नेयेला, काका. वाहून गेलो असतो तर तिच्याकडेच."

"मग ठीक," म्हणाले आणि फोन बायकोकडे दिला. ती काही बोलली नाही, पण पुढच्या डिसेंबरच्या सुट्टीचा विषय तिनेच काढला. मुलीला पोहायला घालायचं ठरलंय. गंगापूरच्या परवानगीचा अर्ज टाईप करून ठेवलाय, त्यात नदीची दिशा पहिल्याच ओळीत लिहिली आहे.