कुठल्या ग्रहाची?

बाईच्या अंगावरचे बहुतेक दागिने तिला स्वतःला दिसत नाहीत. कुडी, नथ, ठुशी घातली की ती समोरच्याची झाली. आपल्याला पाहायची तर आरशापुढे उभे राहावे लागते. अंगठीचे तसे नाही. वह्या तपासताना, भाजी निवडताना, लोकलमध्ये खिडकीशी बसल्यावर ती आपल्या डोळ्यांसमोरच असते. तेव्हा अंगठी घेताना जगाचा विचार थोडा कमी केला तरी चालेल, असे मला वाटते.

माझ्याजवळ अशी एक अंगठी आहे. चांदीची, आणि तिच्यात चिंचोक्याएवढा जांभळा जमुनिया. इंग्रजीत अशा ठसठशीत अंगठीला ‘कॉकटेल रिंग’ म्हणतात. नावाने दचकू नका! अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात चोरून भरणाऱ्या मेजवान्यांत बायका मोठ्या खड्याच्या अंगठ्या मिरवू लागल्या. पेला धरलेल्या उजव्या हाताकडे लक्ष जावे, हा हेतू, असे सांगतात. डावा हात लग्नाच्या अंगठीचा. उजव्या हातातली मात्र कमावती बाई आपल्या पैशाने घेई. मला त्या गोष्टीतला पेला नको, पण हे शेवटचे वाक्य फार आवडते.

अंगठी घालून शाळेत गेले, तर शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला, “कुठल्या ग्रहाची?” आपल्याकडे खडा बोटात शिरतो तो बहुधा भीतीचा हात धरून. मंगळासाठी पोवळे, गुरूसाठी पुष्कराज, शनीसाठी नीलम. आणि नीलम परवडला नाही तर जमुनिया! ग्रहाची नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, “मग दिली कुणी?” हाही रीतीचाच. साखरपुड्याची अंगठी सासरची, दिवाळसणाची जावयाला सासऱ्याची. “मीच घेतली,” असे म्हटल्यावर मात्र चहाचे कप जरा जास्त वेळ ओठांशी राहिले.

आता निवडीचे दोन शब्द. बोट सकाळी बारीक असते, उन्हाने आणि दिवसभराच्या कामाने फुगते; म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. दोरा बोटाच्या मुळाशी गुंडाळावा, तसाच पेरावरही. अंगठीला शेवटी पेर ओलांडायचे असते. बोटे आखूड असतील तर लांबट खडा बोटाच्या दिशेने बसवलेला बरा. पंजा रुंद असेल तर नाजूक खडा त्यात हरवतो. चार नख्यांत धरलेला खडा चमकतो खरा, पण पदराचे धागे ओढतो. सगळीकडून बंद कोंदण सोशिक असते. मोती मऊ, अत्तर आणि लिंबाचा रस त्याला सोसत नाही. आणि आपला उजवा हात वरणभाताचा नि खडूचा; म्हणून माझी अंगठी डाव्या हातात असते. एका वेळी एकच. दोन मोठ्या अंगठ्या हळदीकुंकवात शेजारी बसलेल्या दोन विहिणींसारख्या दिसतात.

पण अंगठीचे खरे मोल मला शिकवले ते कल्याणच्या एका बाईंनी. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेले तेव्हा नात्यातल्या बायकांनी त्यांचे मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी रीतीप्रमाणे उतरवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. बाईंवरची वेळ त्याआधीची. पुढे कित्येक वर्षे त्यांचे हात मोकळेच होते. एकदा भेटायला गेले असता त्यांनी माझी अंगठी मागून घेतली, बोटात घातली आणि हात उजेडात धरून पाहत राहिल्या. नंतर महिनाभराने बायकांच्या डब्यात भेटल्या, तर बोटात हिरव्या काचेच्या खड्याची भलीमोठी अंगठी! डब्यातल्याच विक्रेतीच्या ट्रेमधून घेतलेली. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “जे दुसऱ्यांनी घातलं होतं, ते दुसऱ्यांनी काढलं. ही माझी मी घातलीय.”

त्यानंतर ठाणे येईपर्यंत आम्ही दोघी भाज्यांच्या भावांवर बोललो.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुण मुलामुलींची गर्दी लोटते. नऊवारीवर एखादी बोटभर रुंद अंगठी घातलेली मुलगी तिथे सहज दिसते, आणि कुठल्या ग्रहाची, असे तिला कुणी विचारत नाही. त्या गर्दीत चाळिशीच्या, साठीच्या बोटांनाही जागा असायला हरकत नाही. या सणाला जांभळी नाक्यावर किंवा राम मारुती रोडवर खरेदीला गेलात, तर सगळ्यांचे घेऊन झाल्यावर उरलेल्या पैशांत एक अंगठी पाहा. काचेची असली तरी चालेल. दोरा मात्र संध्याकाळीच गुंडाळा.