आधी पचवावे, मग पाजावे

गोव्यातल्या सावईवेरे किंवा केरीच्या कुळागरात शेणखत पोफळीच्या बुंध्याशी पडते आणि पुढचे सगळे काम माती करते. फोंडा शहरात गच्चीवर पाइप मांडून लेट्यूस-पालक पिकवणाऱ्याकडे ही माती नसते. म्हणून तो कुजलेले कंपोस्ट पाण्यात भिजवतो, त्यात हवा सोडतो आणि तयार झालेला कंपोस्ट टी पिकाच्या टाकीत ओततो. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, पण एका अटीवर. कंपोस्ट टी हे खत नव्हे, ते विरजण आहे. मातीत अन्न आणि त्याचे पचन एकाच जागी चालते. मातीविना शेतीत मात्र ते पचन मुळांपर्यंत पोचण्याआधी, वेगळ्या भांड्यात पुरे झाले पाहिजे.

याचे कारण नत्रात आहे. सेंद्रिय पदार्थातले नत्र प्रथिनांत अडकलेले असते. जिवाणू आधी त्याचा अमोनिया करतात, मग नायट्रोसोमोनास त्याचे नायट्राइट करतात आणि शेवटी दुसरे जिवाणू नायट्रेट. पाण्यातल्या पिकाला मुख्यतः हे नायट्रेट हवे असते; अमोनिया साचला तर मुळे करपतात. जपानमध्ये शिनोहारा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हाच क्रम पाळला. पाण्यात आधी झाडाच्या सालीच्या कंपोस्टमधले जिवाणू सोडले, मग मासळीपासून केलेले द्रवखत थोडे थोडे घातले, हवा खेळती ठेवली आणि नायट्रेट तयार झाल्यावरच त्या पाण्यावर पीक घेतले. नायट्रेट करणारे हे जिवाणू फार सावकाश वाढतात. एका रात्रीत तयार केलेल्या फेसाळ पाण्याकडून नायट्रेटची अपेक्षा धरणे म्हणूनच चुकीचे आहे.

यावर कोणी विचारेल, जीवामृत दोन दिवसांत तयार होते आणि शेतात गुण देते, मग तेच टाकीत का नको? नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या कृतीत 200 लिटर पाण्याला सुमारे 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि मूठभर माती असते. ती कृती जमिनीसाठी आहे. जमीन न पचलेला गूळ आणि पीठ सामावून घेते. टाकीत मात्र त्याच गुळावर झपाट्याने वाढणारे जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांवर साडेसात. गोव्यातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ही शिल्लक आधीच कमी, त्यात वीज जाऊन पंप थांबला की मुळे गुदमरतात. शिवाय मळीसारखे गोड पूरक घातलेल्या कंपोस्ट टीमध्ये ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढू शकतात, हे प्रयोगांत दिसलेले आहे. कच्च्या खायच्या पाल्याला माडाचा गूळ घातलेले पाणी म्हणूनच नको.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: हायड्रोपोनिक्स ही निर्जंतुक शेती, तिच्यात जिवाणू आणायचेच कशाला? पण पाणी, रोपे, हवा आणि हात यांतून जिवाणू येतातच. जिवाणूंविना रिकाम्या टाकीत मूळकूज करणारे पिथियम आले, तर त्याला अडवायला तिथे कोणीच नसते. तरीही कंपोस्ट टीने रोग हटतोच, असे मी म्हणणार नाही. निष्कर्ष कंपोस्टगणिक बदलतात. केवळ पोषणाचा हिशोब मांडला, तर रासायनिक क्षारांचे द्रावण अधिक नेमके आहे हेही मान्य. पण घरचे सेंद्रिय अवशेष वापरून पीक घ्यायचे असेल, तर पचनाची ही टाकी टाळता येत नाही.

हातचे काम साधे आहे. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरिन असते; ते पाणी रात्रभर उघड्या भांड्यात हवा सोडून ठेवावे. कंपोस्ट ढिगात 55 अंशांवर तापून पुरते निवलेले असावे. ते कापडात बांधून बादलीत सोडावे आणि मत्स्यपेटीचा पंप अखंड चालू ठेवावा. मग सेंद्रिय द्रवखत थोडे थोडे घालावे. नायट्रेट होताना पाणी आंबट होत जाते, तेव्हा कालवांच्या शिंपल्यांची चुरी पिशवीत घालून सोडावी. मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या पट्टीवर अमोनिया आणि नायट्राइट उतरलेले, नायट्रेट चढलेले दिसेपर्यंत थांबावे. वास ओल्या मातीचा यायला हवा. सडक्या अंड्याचा किंवा आंबूस आला, तर ते पाणी माडाच्या आळ्यात ओतावे, पिकाच्या टाकीत नको. ज्याला पट्टी पाहण्याचा आणि थांबण्याचा धीर नाही, त्याने क्षारांचे द्रावणच वापरावे. ज्याला आहे, त्याने ही पचनाची टाकी जरूर उभी करावी.