सव्वा तासाचं विमान

हैदराबादच्या अफझलगंजात ट्रॅव्हल्सवाल्याला अंतर विचारा, तो किलोमीटर सांगतच नाही. "रात कू चढो, सुबू उतरो," एवढंच. पुणे असो, मुंबई असो की छत्रपती संभाजीनगर (आईच्या तोंडी अजून औरंगाबादच), माप एकच.

यंदा आईच्या गुडघ्यांना स्लीपर कोचची शिडी झेपेना, म्हणून संभाजीनगरचं विमान काढलं. शमशाबाद ते चिकलठाणा सरळ रेषेत साधारण ४३० किलोमीटर, तिकिटावर वेळ सव्वा तास. मामा फोनवर म्हणाले, "सव्वा तासात येताय, मग जेवायचं थांबतो." म्हटलं, "मामा, तुम्ही जेवून घ्या."

कारण सव्वा तास हा विमानाचा, आमचा नव्हे. बेगमपेठेचा विमानतळ गावातच होता. २००८ साली तो शमशाबादला गेला आणि अफझलगंजाला लांब पडला. पुरानापूल, बहादूरपुरा, मग झू पार्क. तिथून आरामघरपर्यंतचा उड्डाणपूल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला म्हणून बरं. तरीही घरापासून तासभर धरावाच लागतो. पुढे तपासणी, रांगा आणि नुसतं बसून राहणं.

आमचं पंख्याचं छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे ४३० किलोमीटरला पाऊण-एक तास पुरायला हवा. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, हे सगळं त्याच सव्वा तासात. शिवाय दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं. त्या दिवशी वारा पूर्वेचा. जायचं होतं वायव्येला आणि आम्ही उडालो विजयवाड्याच्या दिशेनं! आईनं खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि विचारलं, "अरे, हा उलटा कुठं निघाला?" बाकीचे प्रवासी मोबाइलमध्ये. हा प्रश्न फक्त तिलाच पडला.

चिकलठाण्याहून रिक्षानं गुलमंडीला मामांच्या दारात पोचेपर्यंत पाचेक तास झाले होते. भागाकार केला तर ताशी पंच्याऐंशी किलोमीटर, जीपचाच वेग की! बसला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो हे खरं, पण ती वेळ झोपेची असते. विमानानं आमचा जागेपणाचा अर्धा दिवस खाल्ला. धडधाकट माणसानं या मार्गावर वेळ वाचवायला म्हणून विमान घेऊ नये, असं माझं मत झालंय. गुडघ्यांसाठी घ्यावं.

परतीला आईनं अजंता एक्सप्रेसचा हट्ट धरला, खालच्या बर्थच्या अटीवर. रेल्वे नांदेड-निजामाबादवरून वळसा घेते, अंतर पाचशेच्या वर जातं. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"विमानातनं गोदावरी कधी ओलांडली, कळलं का तुला? बासरच्या पुलावर मला उठव. सुटे पैसे काढून ठेवलेत."

"आई, अंधार असेल तेव्हा."

"असू दे. नदीला दिसतं."