उलटावा न लागणारा टोस्ट



शब्बाथ संपला की इस्रायलमधल्या आपल्या घरांत हल्लेचा तुकडा उरतोच. मराठीत हल्ला म्हणजे चाल करून येणे. १९७५ साली शाळा आटोपून इथे आलो, तेव्हा पावाचे हे नाव ऐकून आम्ही मुली पोट धरून हसलो होतो. रविवारी सकाळी हा तुकडा कडक झालेला असतो. तो अंड्यादुधात भिजवून तळला की फ्रेंच टोस्ट होतो. फ्रेंच लोक त्याला ‘पँ पेर्दू’ म्हणतात, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या आक्काच्या हातचा हा टोस्ट म्हणजे तिच्या नातवंडांचा रविवारचा ठरलेला नाश्ता. पण आक्का ऐंशीला टेकली आणि तिचे हात कापू लागले. तवा तापलेला, तेल चरचरणारे आणि ओला पाव कालथ्याने उलटायचा! मुले घाबरली. “आई, आता तू गॅसजवळ जायचे नाही,” असे त्यांनी बजावले.

त्यांची काळजी खोटी नव्हती. मी चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले. तेलाने भाजलेले हात पुष्कळ पाहिले. पण स्वयंपाकघर सुटलेली बाई हळूहळू कशी अबोल होते, तिचे जेवण कसे तुटते, हेही पाहिले. आक्का दिवसभर खिडकीशी बसून राहू लागली.

तिच्या सुनेकडे वॉफलचे विजेचे यंत्र होते. मी ते टेबलावर मांडले. पूर्वी वॉफलचा साचा चुलीवर ठेवीत. अमेरिकेतल्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट या गृहस्थांनी मुठीने उलटता येणाऱ्या अशा साच्याचे पेटंट २४ ऑगस्ट १८६९ रोजी घेतले. विजेच्या यंत्रात वरची व खालची ताटली एकदमच तापते, म्हणून उलटणे नाही, तळणीचे तेल नाही आणि ज्योतही नाही.

कृती अशी. दोन अंडी घ्यावीत. प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहावे. त्यात अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ व थोडी वेलची घालून फेटावे. दुधाऐवजी आपले नारळाचे दूधही छान लागते. एवढ्यात बोटाएवढ्या जाडीचे चार काप होतात. पाव शिळाच हवा. ताज्याचा लगदा होतो. प्रत्येक बाजू अर्धा मिनिट भिजवावी, जास्त नको, नाहीतर पाव साच्यात फाटतो. यंत्र नीट तापल्यावर ताटल्यांना तेलाचा हात लावून काप ठेवावा आणि झाकण न दाबता मिटावे. चार-पाच मिनिटांनी कडेची वाफ कमी झाली की उघडून लाकडी चिमट्याने काढावा. खाचांमुळे टोस्ट वरून कुरकुरीत होतो, आत मऊ राहतो आणि मध खाचांतच थांबतो.

मात्र सावध राहावे. झाकणही तापते, म्हणून फक्त मूठ धरावी आणि वाफेच्या बाजूला तोंड नेऊ नये. तरी भाजलेच, तर ती जागा वीस मिनिटे नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये.

पहिल्या रविवारी मुलगा शेजारी उभा राहिला. तिसऱ्या रविवारी आक्काने त्याला बाहेर पिटाळले. “तू बस रे. मी हाक मारते,” ती म्हणाली. आता अंडी तीच फोडते. थोडे सांडते, ते पुसता येते. आणि पहिला टोस्ट नातवाला देऊन दुसरा ती स्वतः खाते.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून काम काढून घेण्यापूर्वी हत्यार बदलून पाहावे, एवढीच माझी विनंती.